अस्तराच्या खिडक्या

जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ खिडकीच्या फटीत असतं, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला आजवर भेटली, आणि योगायोगाने मी तिच्याच घरात भाडेकरू म्हणून जाऊन पडलो. उरलेल्या निम्म्या दुःखांचं काय, असं कोणी विचारलं असतं, तर ती दाराखालच्या फटीतून येतात असं आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं असतं. सर्दी, सांधेदुखी, पापडांना येणारी बुरशी, नवरा-बायकोतली धुसफूस, मुलांचे गणितातले कमी मार्क, सगळ्याचा उगम त्या आधी खिडकीत शोधत. आणि लोणावळ्यासारख्या गावात, जिथे पावसाळ्यात ढग न विचारता स्वयंपाकघरातून शिरतो आणि दिवाणखान्यातून बाहेर पडतो, तिथे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं सांगायची हिंमत कोणाला होत नसे.

कॉलेजात नोकरी लागून मी आणि माझी बायको सुजाता लोणावळ्याला आलो, तेव्हा स्टेशनच्या मागच्या चढावर असलेल्या त्यांच्या बंगल्यातल्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मिळतील असं कळलं. मुंबईच्या कुठल्याशा कुटुंबाने हवापालटासाठी बांधलेलं ते बैठं कौलारू घर बाईंच्या यजमानांनी नोकरीत असतानाच विकत घेतलं होतं. घरात पाहण्यासारखं काही असेल तर त्या खिडक्या. सागवानाच्या, पुरुषभर उंच, वर काचेची तावदानं आणि खाली लाकडी पट्ट्यांची झिलमिली. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा बाईंनी आमचं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, दोघंच राहणार की आणखी कोणी येणार तेही विचारलं नाही. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही खिडकी कशी लावता?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "कशी म्हणजे... ओढून."

"ओढून ना? आपटून नाही?" असं म्हणून त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. आधी खालची खिट्टी, मग वरची, आणि दोन्हींच्या मधे झडपेवर तळहाताने हलकेच दाब द्यायचा, मूल थोपटतात तसा. सुजाताने पहिल्याच झटक्यात करून दाखवलं. मला पुन्हा पुन्हा करावं लागलं. शेवटी बाई सुजाताला म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून खोल्या देतेय. यांना पावसाळ्यात खिडकीला हात लावू देऊ नका." भाड्याची बोलणी त्यानंतर त्यांच्या यजमानांनी केली.

त्यांना सगळं गाव बाई म्हणे, कारण गावातल्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिवण शिकवलं होतं. गंमत म्हणजे त्यांचे यजमानही त्यांना बाईच म्हणत. "बाई, चहा होणार आहे का?" असं ते स्वयंपाकघराच्या दारातून इतक्या अदबीने विचारत, की ते गृहपाठ न केलेले विद्यार्थी वाटावेत. निवृत्त झाल्यावर बाईंनी शिवणयंत्राला खोळ घातली आणि ते सगळं शास्त्र खिडक्यांना लावलं. खिडकी हे त्यांच्या लेखी घराने अंगात घातलेलं कापड होतं. ते मापात बसलं पाहिजे. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि जानेवारीच्या थंडीत आक्रसतं, म्हणून प्रत्येक खिडकीची दोन मापं त्या तोंडपाठ ठेवत, जशी वाढत्या वयाच्या मुलीच्या फ्रॉकची ठेवावीत. फटीत बसवायच्या नमद्याच्या पट्टीला, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाच्या पट्टीला, त्या 'पायपीन' म्हणत, कपड्याच्या कडेला शिवतात त्या गोटासारखी. काच ज्याने चौकटीत पक्की बसते ते लुकण त्या स्वतः खडूची भुकटी आणि जवसाचं तेल कणकेसारखं मळून करत आणि त्याला 'हातशिलाई' म्हणत. बाजारात तयार मिळतं ते 'मशीनची शिलाई', म्हणजे एका धुण्यात सुटणारी. आणि अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना त्या काहीच म्हणत नसत. नुसत्या नाक मुरडत.

हे प्रेम स्वतःच्या घरापुरतं राहिलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. पण बाई कोणाकडे गेल्या की आधी माणसांकडे नव्हे, खिडकीकडे बघत. हाताची मागची बाजू पाण्याने ओली करून चौकटीच्या कडेने फिरवत, जिथे गार लागेल तिथे थांबत आणि यजमानीणबाईंकडे करुणेने पाहत. त्यांच्या पर्समध्ये इतर बायकांच्या पर्समध्ये असतं ते काही नसे. मेणबत्तीचा तुकडा असे, अडकणाऱ्या झडपेच्या कडेला चोळायला. स्क्रूड्रायव्हर असे. टेप असे, शिवणाची, कापडी. हळदीकुंकवाला गेलेल्या बाई वाण घ्यायच्या आधी त्या घरच्या बिजागऱ्यांना तेलपाणी करून मोकळ्या होत.

एकदा कार्ल्याला त्यांच्या एका मैत्रिणीचे सासरे वारले. बाईंना मी स्कूटरवरून भेटायला घेऊन गेलो होतो. पुढच्या खोलीत म्हाताऱ्यांचा हार घातलेला फोटो होता, समोर उदबत्ती लावलेली होती, माणसं खालमानेने बसली होती. उदबत्तीचा धूर सरळ वर जायचा सोडून फोटोच्या डाव्या कानाकडे झुकत होता. मी बाईंकडे पाहिलं आणि मला घाम फुटला. त्यांची नजर धुरावरून खिडकीवर आणि खिडकीवरून पुन्हा फोटोवर जात होती. अखेर मैत्रिणीच्या कानाशी लागून, पण खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी विचारलं, "सासरे याच खोलीत झोपायचे का गं?"

"हो. का?"

"मग काय तर," बाई उसासा टाकून म्हणाल्या.

कोपऱ्यात बसलेला घरातला एक वयस्कर शेतकरी, म्हाताऱ्यांचा पुतण्या असावा, त्याला ते सहन झालं नाही. तो म्हणाला, "बाई, म्हातारा लय वर्सांचा हुता. वाऱ्यानं न्हाई गेला त्यो."

"गेल्यावर सगळे असंच म्हणतात, भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. तेराव्याचं जेवण झाल्यावर त्या परत कार्ल्याला गेल्या आणि ती खिडकी दुरुस्त करूनच आल्या. मैत्रिणीच्या सासूबाई अजून होत्या. त्यांची काळजी घ्यायला हवी होती ना.

दाराच्या फटींसाठी त्यांनी साप केले होते. जुन्या साड्यांच्या लांबच लांब पिशव्या शिवून त्यांत भाताचं तूस भरायचं आणि त्या दाराखाली आडव्या टाकायच्या. नुसती नळी बरी दिसत नाही म्हणून एका टोकाला बटणांचे डोळे. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस एकदा तो साप बघून सिलिंडरासकट अंगणात परत गेला होता. तूस जवळच्या वडिवळे गावाहून येई. आम्हाला तांदूळ घालणारा तिथला शेतकरी पहिल्यांदा तुसाचं पोतं घेऊन आला, तेव्हा बराच वेळ पायरीवर बसून विचार करत होता. मग म्हणाला, "लोकं आमच्याकडं तांदूळ मागत्यात, तुमी तूस मागताय. म्हशी बांधल्यात का काय कुटं?"

"म्हशी नाहीत. दारांना घालायचंय," बाई म्हणाल्या.

"दारं खात्यात व्हय तूस?"

"खात नाहीत, पांघरतात." यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुढच्या हंगामात त्याने स्वतःच्या म्हातारीसाठी एक साप मागून नेला.

आता काकांबद्दल. बाईंचे यजमान रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून हिरवी-लाल बत्ती दाखवत आलेल्या माणसाचा जो स्वभाव व्हावा तोच त्यांचा झाला होता. पुढे काय चाललंय ते सगळं मागून शांतपणे बघायचं आणि गरज पडली तरच हात वर करायचा. बोलणं कमी. हसणं डोळ्यांतल्या डोळ्यांत. बाईंच्या खिडक्यांच्या उद्योगाला त्यांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. बाईंनी झडप उतरवली की ते येऊन एक बाजू धरत आणि "सोडू?" एवढंच विचारत. पण त्यांची छाती अधू होती. पावसाळा आला की दम लागे, खोकला सुरू होई, आणि ढग खाली उतरला की रात्र-रात्र बसून काढावी लागे. दरवर्षी ते थोडं वाढत होतं.

आम्ही तिथे राहायला लागल्यावर काही वर्षांनी, होळीच्या सुमाराला, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की या माणसाला पुढचा पावसाळा लोणावळ्यात काढू देऊ नका, कोरड्या हवेत न्या. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो लगेच आला, आणि येताना अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणाऱ्या एका माणसालाही घेऊन आला. मुलगा चांगला होता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्याचं म्हणणं साधं होतं. आईबाबांनी पुण्याला फ्लॅटवर यावं. तेवढं जमत नसेल तर निदान या जुन्या खिडक्या काढून टाकू आणि हवाबंद नव्या बसवू. तो माणूस धातूची टेप उघडून चौकटीला लावायला गेला, तशी बाई पुढे झाल्या.

"माप मी देते," त्या म्हणाल्या. "पण तुमची चौकट माझ्या घराच्या अंगाला बसायची नाही. या भिंती वाकड्या आहेत. गेली कितीतरी वर्षं ही सागवानाची चौकट त्यांच्याबरोबर वाकत आलीय."

"आई, खिडकीचा हट्ट पुरे आता," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट पडला होता. "बाबांच्या श्वासाचा प्रश्न आहे."

काका आरामखुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मग बाईंनी काकांना विचारलं, "तुम्हाला जायचंय का हो पुण्याला?"

"मला कोण विचारतंय?" काका म्हणाले.

"मी विचारतेय."

"मग नाही जायचं," ते म्हणाले.

ठरलं ते असं. बाई एक खोली कोरडी करून दाखवणार. काकांनी पावसाळाभर त्याच खोलीत राहायचं. छाती बिघडली तर कोणी काही न बोलता दोघांनी पुण्याला जायचं. अॅल्युमिनियमवाला चहा घेऊन गेला, आणि जाताना बाईंनी त्याच्या बॅगेची उसवलेली कड शिवून दिली.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. बाईंनी काकांच्या खोलीच्या सगळ्या झडपा उतरवून अंगणात चटयांवर मांडल्या, ऑपरेशनला आलेल्या पेशंटांसारख्या. जुन्या रंगाचे थर खरवडून काढले. हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली चॉकलेटी, आणि सगळ्यांखाली सागवान, अजून तेलकट वास येणारं. खालच्या कडा पाणी पिऊन कुजल्या होत्या. तेवढ्याच कापून तिथे सुताराकडून नवी फळी सांधून घेतली. "ठिगळ लावायचं तर त्याच जातीच्या कापडाचं," हे त्यांनी सुताराला इतक्यांदा सांगितलं, की तो शेवटी "व्हय बाई, शाळंत गेलतो म्या बी" असं म्हणाला. खिळखिळी तावदानं काढून नव्या लुकणात बसवली. झिलमिलीची एकेक पट्टी घासून पुन्हा ओवली. सगळ्या कडांना नमद्याची पायपीन लागली. आणि मग बाईंच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम: प्रत्येक खिडकीला आतून अस्तर. पातळ लाकडी चौकटीत दुसरी काच, मूळ खिडकीच्या आत बोटभर अंतर ठेवून, चापांनी बसवलेली, हवी तेव्हा काढता येणारी. मधल्या बंद हवेत थंडी अडते आणि ओल आत येत नाही, असं त्या समजावून सांगत. सुजाता म्हणाली, "म्हणजे रजईसारखं." बाईंनी तिच्याकडे अशा काही कौतुकाने पाहिलं, की मला माझ्या इतक्या वर्षांच्या झडपा धरण्याचं वाईट वाटलं.

पाऊस सुरू झाला आणि खोलीची परीक्षाही सुरू झाली. बाईंची कसोटी अशी होती की संध्याकाळी भाजलेला पापड काकांच्या टेबलावर उघडा ठेवायचा आणि सकाळी मोडून बघायचा. लोणावळ्याच्या आषाढात उघडा पापड तासाभरात फडक्यासारखा लोंबतो. काकांच्या खोलीतला पापड सकाळी कटकन मोडला. बाई तो तुकडा हातात घेऊन आमच्या दारात आल्या. "ऐका," त्या म्हणाल्या, आणि तो माझ्या कानाशी मोडला. पुढे कितीतरी सकाळी आमचा दिवस त्या आवाजाने सुरू झाला. आमच्या खोलीत चपलांवर बुरशी चढली होती, काडेपेटी पेटत नव्हती, आणि भिंतीपलीकडे काका कोरड्या खणखणीत हवेत वर्तमानपत्र वाचत होते. मुलगा फोन करी. बाई त्यालाही फोनवर पापड ऐकवत.

आणि तरीही काकांची छाती बिघडली. आषाढ सरता सरता खोकला सुरू झाला, मग ताप आला, आणि एका दुपारी दम इतका लागला की आम्ही त्यांना तातडीने इस्पितळात नेलं. वाफ, इंजेक्शनं, ऑक्सिजन. तीन-चार दिवसांनी जरा आराम पडला. डॉक्टर गोंधळले होते. इतक्या कोरड्या खोलीत असं व्हायला नको होतं. बाईंनी कोणाशी वाद घातला नाही. घरी येऊन त्यांनी उदबत्ती पेटवली आणि काकांच्या खोलीत प्रत्येक खिडकीच्या कडेने, खालून वर, वरून खाली फिरवली. धूर कुठेच हलत नव्हता. मी दारात उभा होतो. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"सर, कुठे चुकलं हो माझं माप?" त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही. म्हणजे माझे डोळेच गेले."

मुलगा गाडी घेऊन आला. इस्पितळातून परस्परच पुण्याला जायचं ठरलं. बाईंनी काकांचे कपडे बॅगेत भरले, स्वतःच्या दोन साड्या घातल्या, आणि आम्ही सगळे इस्पितळात पोचलो. काका पलंगावर उठून बसले होते. मुलगा कागदांवर सह्या करत होता. बाई पलंगाच्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, "चला. मी हरले. त्या खिडक्यांनीच तुमचा घात केला. आता कोणाला हव्या असतील तर जाळायला देऊ."

काकांनी एक हात वर केला. गार्ड गाडी थांबवताना करतो तसा, सरळ.

"खिडक्यांचा काही दोष नाही, बाई," ते म्हणाले. "मी बाहेर बसत होतो."

कोणालाच काही समजलं नाही. मग ते थांबत थांबत, दम खात बोलले. ते इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. खोली फार चांगली झाली होती, उबदार, कोरडी. पण तिच्यात काहीच ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर ते गाड्यांच्या आवाजात झोपले आणि उठले होते. घाट चढून येणारी मालगाडी, मागून ढकलणारी इंजिनं, स्टेशनात शिरतानाची शिट्टी, यावरून त्यांना वेळ कळे, पाऊस किती आहे ते कळे, आपण कुठे आहोत ते कळे. अस्तर लागल्यापासून सगळं बंद झालं. झोपच येईना. म्हणून बाई उठायच्या आत, उजाडताना, ते शाल घेऊन व्हरांड्यात जाऊन बसत. घाटातून पहाटेच्या गाड्या वर येत तोवर ढगात बसत, आणि मग गुपचूप आत येऊन पडत.

"मग सांगायचं नाहीत का, बाबा?" मुलगा म्हणाला.

"उन्हाळाभर राबल्या आहेत त्या," काका म्हणाले. "रोज सकाळी पापड मोडून दाखवत होत्या. कसं सांगणार?"

बाईंनी पुढे होऊन काकांच्या अंगावरची शाल हातात घेतली, तिची किनार बोटांमध्ये चोळली आणि म्हणाल्या, "लोकर ओली लागत होती रोज. मी म्हटलं, घाम असेल." मग त्या पाठ फिरवून खिडकीकडे गेल्या. इस्पितळाची खिडकी लोखंडी होती, तिच्यात करण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या बराच वेळ तिच्यापाशी उभ्या होत्या. परत वळल्या तेव्हा मुलाला एवढंच म्हणाल्या, "आठ दिवस दे मला."

मुलगा काय म्हणतो याकडे आम्ही सगळे बघत होतो. त्याने वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि गाडीची किल्ली खिशात टाकली. "मीही राहतो," तो म्हणाला. "झडप धरायला कोणीतरी लागेल."

रुळांच्या बाजूची खिडकी बाईंनी उसवली. हा शब्द त्यांचाच. सगळ्यांत वरचं एक लहान तावदान काढून त्याला बिजागऱ्या लावल्या, आतल्या अस्तरालाही तिथेच तसंच दार केलं, आणि बाहेरून जुन्या झिलमिलीच्या पट्ट्यांची एक तिरकी टोपी बसवली, म्हणजे पाऊस कितीही आला तरी आत थेंब नको आणि आवाज मात्र यावा. आईच्या सूचनांखाली मुलगा शिडीवर उभा होता. लहानपणी तो शिवणाच्या वर्गात मुलींबरोबर बसून काजं करायचा, हे त्या आठवड्यात त्याच्याच तोंडून कळलं. काम संपल्यावर काकांना इस्पितळातून घरी आणलं. बाईंनी ते झरोक्याएवढं दार उघडलं. थोड्या वेळाने खालून घाट चढणाऱ्या गाडीचा जड, ओढून आणल्यासारखा आवाज खोलीत आला. काकांनी डोळे मिटले. "मालगाडी," ते म्हणाले. "भरलेली आहे." आणि बसल्या बसल्या त्यांना झोप लागली.

एक गोष्ट बाईंनी पुढे स्वतःहून कबूल केली. पूर्ण बंद खोलीत अस्तराच्या काचेला सकाळी आतून घाम येत असे. पापडाच्या आनंदात त्यांनी तिकडे काणाडोळा केला होता. ते वरचं दार केल्यापासून घाम थांबला. "मापात बसवलं होतं," त्या म्हणाल्या, "पण आतल्या माणसाला हात वर करता येतो का, ते बघितलंच नव्हतं."

काका पुण्याला गेले नाहीत. तो पावसाळा निघाला, पुढचाही निघाला. मुलगा दर शनिवारी यायला लागला. मग माझी बदली झाली आणि आम्ही लोणावळा सोडलं. फोनवरून कळत राहिलं. काका गेले ते पावसाळ्यात नाही, खोकून नाही, तर एका माघातल्या दुपारी, जेवण झाल्यावर, शांतपणे.

मी भेटायला गेलो तेव्हा महिना होऊन गेला होता. बाई काकांच्या खोलीत बसल्या होत्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं, सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि अस्तराच्या चौकटी काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी विचारलं, पुण्याला जाणार का. त्या म्हणाल्या, मुलगा म्हणतोय, बघू. मग माझ्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या.

"लग्नानंतर ह्यांच्या ड्यूट्या आणि माझी शाळा. हे रात्री यायचे तेव्हा मी झोपलेली, मी उठायचे तेव्हा हे गेलेले. निवृत्त झाल्यावर मी खिडक्यांच्या मागे. लोक विचारतात, किती वर्षांचा संसार झाला? मी आपलं सांगते काहीतरी. पण खरं सांगू का, सर? बाहेर ढग आणि आत आम्ही दोघं, असे या खोलीत बसून जे दोन-तीन पावसाळे काढले ना, तेवढाच झाला. पत्ते खेळलो. हे मला गाड्यांच्या गोष्टी सांगायचे. इतकं बोलायचे हो हे. मला माहीतच नव्हतं."

खाली आवाराच्या कडेच्या आंब्याला मोहोर आला होता, त्याचा वास आत येत होता. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती, म्हणून मी उठलो. मी त्या घरात कितीतरी वर्षं राहिलो, रोज बाईंना भेटलो, पण त्यांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं. नेहमी काहीतरी धरायला सांगत.

"बसा हो अजून," बाई म्हणाल्या. "घाई काय आहे?"

मी बसलो.